स्विचचा दीड फेरा

रुग्णालयाच्या वाहन विभागात तीन गाड्या होत्या, आणि दर सोमवारी त्या तिन्हींची तपासणी करून पत्रकावर सही करण्याचे काम माझ्याकडे होते. पत्रकात एकवीस रकाने होते. टायर, दिवे, वायपर, ब्रेक, बॅटरी असे क्रमाने खाली उतरत जायचे, शेवटच्या रकान्यात 'वाहन प्रवासास योग्य' असे लिहायचे आणि मग सही करायची. तंत्रनिकेतनात आमचे निदेशक सांगत, की सही तपासणीच्या आधी करायची नसते आणि तपासणीनंतर घाईनेही करायची नसते. ही शिकवण मी अडतीस वर्षे पाळली. म्हणूनच पुढे जे झाले त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायला मला जागा उरली नाही.

तिसऱ्या गाडीवर माझा सख्खा थोरला भाऊ चालक होता. दादाने चाळीस वर्षे लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवल्या. त्या काळात त्याच्या हातून कोणाला खरचटलेही नाही. निवृत्तीनंतर घरात बसून तो भिंतींना शिव्या देऊ लागला, तेव्हा मीच शब्द टाकून त्याला इथे आणले. काम सोपे होते. दूरदूरच्या वस्त्यांवरून मूत्रपिंडाच्या पाच रुग्णांना मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी डायलिसिससाठी आणायचे, चार तास थांबायचे आणि परत दारात नेऊन सोडायचे. जायला नव्वद किलोमीटर, यायला नव्वद. रस्ता बहुतेक सरळ, मध्ये एक लांबलचक उतार.

गाडी नवी होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत, आणि तिच्यात क्रूझ कंट्रोल होते. गाडी आली त्या दिवशी मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकृती काढून दादाला ते समजावून दिले होते. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्याशेजारी बसवलेला सेन्सर दर सेकंदाला किती दात पुढून गेले ते मोजतो आणि एका छोट्या पेटीला कळवतो. चालकाने बटण दाबून ठरवलेला वेग पेटीला ठाऊक असतो. ठरलेला वेग आणि खरा वेग यांत जेवढा फरक पडेल तेवढ्या प्रमाणात पेटी एका मोटारीकरवी इंजिनाची हवेची झडप उघडते किंवा मिटते. चढ लागला, वेग दोनने घटला, की झडप थोडी अधिक उघडते. तेवढ्याने भागले नाही, तर पेटी उरलेल्या फरकाची बेरीज करत राहते आणि वेग जागेवर येईपर्यंत झडप उघडत जाते. चालकाने पाय जमिनीवर ठेवून नुसते सुकाणू धरायचे.

दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या आईसारखं. बाहेर कितीही चढ असो, आत बसलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही."

मी म्हटले, तसेच समज. मग मी त्याला त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग दाखवला. ब्रेकच्या पायपट्टीच्या वर, दांड्याला टेकून, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पायपट्टी जरा खाली गेली, की दांडा स्विचपासून दूर होतो, आतला जोड सुटतो आणि क्रूझ तत्काळ बंद पडते. हा जोड मुद्दामच असा केलेला असतो, की एरवी तो लागलेला राहावा आणि ब्रेक दाबताच सुटावा. वायर तुटली तरी क्रूझ बंदच पडते. ज्या यंत्राला आपण गाडी धरून ठेवायला सांगतो, त्याने शंका येताच हात सोडला पाहिजे.

"छान आहे," दादा म्हणाला, "पण फूटपट्टी, माझा पाय अजून शाबूत आहे."

फूटपट्टी म्हणजे मी. लहानपणापासून माझ्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असते, त्यावरून त्याने हे नाव पाडले होते. विभागात मला सगळे फोरमनसाहेब म्हणत आणि तो सर्वांसमोर मला फूटपट्टी म्हणे. मला राग येत नसे.

वर्षभर त्याने क्रूझच्या बटणाला बोट लावले नाही. मग गेल्या हिवाळ्यात अचानक तो ते वापरू लागला. मला मनातून फार समाधान वाटले. पत्नी गेल्यापासून दर रविवारी मी दादाकडे जेवायला जातो. त्या रविवारी मी वहिनींना मोठ्या ऐटीत सांगितले, की दादा अखेर सुधारला. वहिनी वाढता वाढता हसल्या आणि म्हणाल्या, चाळीस वर्षांत यांनी पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं, पण ते बायकोचं नव्हतं. दादा खाली मान घालून जेवत राहिला. त्याने उलट टोमणा मारला नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटायला हवे होते.

दोन महिन्यांनी त्याची तक्रार आली. गाडीच्या नोंदवहीत, चालकाच्या शेऱ्यात, त्याने वळणदार अक्षरात लिहिले होते, 'क्रूझ मध्येच हात सोडते.' विचारले तेव्हा त्याने सांगितले, की सरळ रस्त्यावर, काही कारण नसताना, पाच-दहा मिनिटांत क्रूझ सुटते. पुन्हा लावली, की पुन्हा सुटते.

असा दोष मला आवडतो. कधी दिसणारा, कधी न दिसणारा दोष शोधायला डोके आणि चिकाटी दोन्ही लागतात, आणि माझ्यापाशी त्या दोन्ही गोष्टी आहेत असा माझा समज होता. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात दोषशोधाचा एक तक्ता होता. मी तो वहीत उतरवून घेतलेला आहे. फ्यूज पाहिला. जमिनीचा जोड घासून पुन्हा आवळला. सुकाणूवरच्या बटणांची वायर तपासली. दातेरी कड्याचे सर्व दात मोजले, सेन्सर पुसला, त्याचे अंतर मोजले. ब्रेकचा स्विच नवा बसवला. मग मी स्वतः शंभर किलोमीटर गाडी चालवून आणली. क्रूझ एकदाही सुटली नाही. दुसऱ्या गाडीच्या चालकाला नेऊन पाहिले. त्याला आम्ही 'मुका' म्हणत असू, कारण तो झोपेतसुद्धा बोलत असावा. मुक्याने जाताना आणि येताना मिळून आपल्या तीन मेव्हण्यांची इत्थंभूत माहिती दिली आणि उतरताना सांगितले, की गाडीत काही दोष नाही, दादांची दृष्ट लागली असेल.

गुरुवारी दादा गाडी घेऊन गेला आणि शेरा आला, 'चौदा वेळा सुटली.'

माझ्या तक्त्यात शेवटची ओळ अशी होती, 'चालकाची सवय तपासा.' वहीत ती ओळ आजही आहे. इतर सर्व ओळींपुढे मी तारखेसह खूण केली होती. त्या ओळीपुढे मी काही लिहिले नाही. ज्याने चाळीस वर्षे गाडी चालवली त्याची सवय मी काय तपासणार, असे मला वाटले. खरे सांगायचे तर वाटलेसुद्धा नाही. त्या ओळीवरून माझी नजर थेट पुढे गेली.

त्याच रविवारची गोष्ट. जेवणानंतर वहिनींनी दादाच्या चपलांचा जोड माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मोजमापाची माणसं. हे काय आहे ते सांगा बघू. वर्षातला हा तिसरा जोड."

डावी चप्पल कोरी होती. उजवीचे टोक पार झिजले होते. मी खिशातून पट्टी काढली. डावीचा तळ नऊ मिलिमीटर भरला, उजवीचा टोकापाशी तीन. मी गंभीरपणे सांगितले, की घर्षण एका बाजूला अधिक होते आहे, तेव्हा टोकाखाली चामड्याचा तुकडा शिवून घ्यावा. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला दादा म्हणाला, "शिवून घेतो." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वेगळे काही ऐकायचे असावे.

सोमवारी माझ्या मनात एक उपपत्ती तयार झाली. दादाच्या मार्गावर काही ठिकाणी रस्ता खडबडीत आहे, दादाचे वजन माझ्यापेक्षा आणि मुक्यापेक्षा पंधरा किलोने जास्त आहे, म्हणून त्या बाजूला गाडी अधिक हादरत असावी. हादऱ्याने ब्रेकचा दांडा थरथरतो आणि स्विच क्षणभर सुटतो. कागदावर मांडून पाहिले तर ते चक्क पटण्यासारखे दिसले. उपाय सोपा होता. स्विच आट्यांवर बसतो. मागची नट सैल करून तो दांड्याकडे सरकवला, की दांडा जास्त खाली गेल्याशिवाय जोड सुटत नाही. कारखान्याने ठरवून दिलेल्या खुणेपासून मी तो दीड फेरा पुढे घेतला. ब्रेकचा दिवा किंचित उशिरा लागू लागला, पण लागत होता. नट आवळली, हात धुतले आणि पत्रकात लिहिले, 'क्रूझ सुटणे: स्विचचे अंतर दुरुस्त केले.' सही केली. घाई केली नाही.

मंगळवारी संध्याकाळी दादा किल्ली लटकवायला आला तेव्हा मी विचारले. तो म्हणाला, "आता धरून ठेवते." आणि क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटले, तो शाबासकी देतो आहे. आता आठवून पाहतो तेव्हा त्या हाताचा भार मला अजून जाणवतो. तो उभे राहण्यासाठी आधार घेत होता.

तीन आठवडे शेरा कोरा आला. चौथ्या सोमवारी मी ब्रेकच्या रकान्यापाशी पोचलो आणि पुढचे चाक काढले. ब्रेकच्या गुटक्यांचे अस्तर करपून, झिजून जवळजवळ संपले होते. दोन महिन्यांपूर्वी मीच ते नवे बसवले होते आणि ते वर्षभर टिकायला हवे होते. तबकडी निळी पडली होती. लोखंड निळे कधी पडते, हे मी तीन पिढ्यांना शिकवले आहे. फार वेळ, सतत घासले गेले तर.

इंधनाची नोंद काढली. त्याच तीन आठवड्यांत गाडी जास्त इंधन पिऊ लागली होती.

मी चालकाच्या जागेच्या दारापाशी गुडघे टेकून बसलो आणि विजेरी लावून पायपट्ट्या पाहिल्या. ब्रेकच्या पट्टीवरच्या रबराचा डावा कोपरा गुळगुळीत होऊन चमकत होता. उजवा कोपरा, जिथे माणसाचा उजवा पाय येऊन पडतो, तिथल्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्यांत धूळ साचली होती.

सगळे समोर मांडलेले होते. कोणीतरी डावा पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवत होते. पाय नुसता टेकलेला असे तेव्हा क्रूझ सुटत असे. तसे सुटणे हेच तिचे काम होते. ती दर पाच मिनिटांनी, एका दिवसात चौदा वेळा, मला सांगत होती, की ब्रेकवर पाय आहे. मी दीड फेरा देऊन तिचे तोंड बंद केले होते. त्यानंतर ब्रेक घासत होता, वेग घटू पाहत होता, आणि पेटी झडप अधिक उघडून तो भरून काढत होती. काट्यावर ऐंशी दिसत होते. आत बसलेल्याला पत्ता लागत नव्हता.

मी गुटके नवे बसवले. स्विचला मात्र हात लावला नाही. मला आधी डोळ्यांनी पाहायचे होते. असे मी स्वतःला सांगितले. पण खरे तर, पाहिल्यावर काहीतरी दुसरेच निघेल, अशी मला आशा होती.

मंगळवारी मी दादाला म्हटले, की गाडी तपासायला आज बरोबर येतो. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या अवजारांच्या पिशवीकडे पाहिले आणि म्हणाला, "बस." मी त्याच्या शेजारच्या जागेवर बसलो.

पाचही रुग्ण चढेपर्यंत तासभर गेला. शेवटी निवृत्त पोस्टमास्तर चढले. दादा सांगे, की ते नेहमी पुढच्या आसनामागे बसतात आणि वाटभर काहीतरी बोलतात. त्या दिवशी मला पुढे बसलेला पाहून ते गप्प झाले. पाचही जण गप्प होते. मला वाटले, साहेब बरोबर आहे म्हणून.

वस्तीच्या रस्त्यावर दादाचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता, पण तो हलत नव्हता. मांडीतून ढकलल्यासारखा सबंध पाय पुढे जात होता. पाऊल घोट्यापाशी वाकतच नव्हते. मोठ्या रस्त्याला लागून वेग आला आणि दादाने अंगठ्याने बटण दाबले. क्रूझने गाडी धरली. मग त्याने उजव्या गुडघ्यापाशी पँटीची चिमूट धरली आणि, जशी एखादी पिशवी उचलून कडेला ठेवावी तसा, पाय उचलून बाजूला ठेवला. डावा पाय सरकून ब्रेकवर आला. हे सगळे त्याने समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता केले, आणि मी पाहतो आहे हे त्याला ठाऊक होते.

गाडीत पाच आजारी माणसे होती आणि सुकाणू त्याच्या हातात होते. त्या क्षणी मी काय सांगणार होतो? माझे दोन्ही पाय धड होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

उताराच्या तळाशी रस्त्याचे काम चालले होते. लाल फडके धरलेला कामगार आम्हाला वळणानंतरच दिसला. दादाने ब्रेक दाबला. चाळीस वर्षे डाव्या पायाने क्लच दाबला होता, आणि क्लच दाबायचा तो झटक्यात, तळापर्यंत. त्या पायाला हळूहळू दाबणे कधी कोणी शिकवलेच नव्हते. गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबली. माझा पट्टा छातीत रुतला. मागे कोणाचा तरी डबा पडून सांडला. फडकेवाला दोन हातांवर होता. तो मागे उडी मारून आमच्याकडे नुसता पाहत राहिला.

मागून कोणी ओरडले नाही. मी वळून पाहिले. पाचही जणांनी पुढच्या आसनाची दांडी दोन्ही हातांनी आधीच घट्ट धरलेली होती. त्यांना सवय होती.

पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "आम्हाला ठाऊक आहे, साहेब. आम्ही बोलत नाही, इतकंच."

त्यांनी पुढे सांगितले ते थोडक्यात असे. दादा रजेवर असला, की मुका येतो आणि त्यांना वस्तीच्या चौकात उतरवून निघून जातो. तिथून घर अर्धा किलोमीटर, आणि डायलिसिसनंतर अर्धा किलोमीटर म्हणजे काय, ते त्यांचे त्यांनाच माहीत. दादा मात्र गाडी दारापर्यंत नेतो आणि उंबरठा ओलांडेपर्यंत थांबतो. म्हणून त्यांनी आपापसात ठरवले होते, की उताराआधी दांडी धरायची.

रुग्णालयात पोचल्यावर पाचही जण आत गेले. त्यांच्या सुया टोचून झाल्या, यंत्रे सुरू झाली. आम्ही दोघे मागच्या आवारात, गाडीच्या सावलीत, बाकावर बसलो. मी विचारले, कधीपासून. दादाने सांगितले, की गेल्या पावसाळ्यापासून. आधी जिन्यावर पाऊल अडखळायचे. मग बोटे उचलेनाशी झाली. तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी पायात सुया घालून, वीज सोडून तपासले होते. नस सुकत चालली आहे, ती पुन्हा ओली होत नाही, एवढे दादाला समजले होते. कागद त्याने गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली ठेवला होता. दर सोमवारी विम्याची तारीख बघायला मी तो कप्पा उघडत असे.

मी तो कागद काढून वाचला. दोनदा वाचला. त्यात आकडे होते, प्रत्येक स्नायूपुढे एक. आकड्यांवरून मला काहीतरी करता येईल असे वाटून मी ते पुन्हा पाहिले. नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते लिहिले होते आणि किती वेगाने जायला हवा तेही लिहिले होते. दोन्हींत किती फरक आहे ते मी मनात काढले. तो भरून काढणारी पेटी कुठे नव्हती.

"वहिनींना माहीत आहे?"

"चप्पल झिजते एवढं माहीत आहे."

मग बराच वेळ तो चाकांविषयी बोलत राहिला. डावे मागचे जरा आवाज करते, बेअरिंग बघून घे, असे काहीबाही. मी हो म्हणत गेलो. शेवटी त्याने विचारले, की माझ्या त्या पत्रकात चालकाचा रकाना आहे का. मी म्हटले, नाही. एकवीसमध्ये एकही नाही.

"मग तुझी सही खोटी नाही," तो म्हणाला. "स्विच तसाच राहू दे. मी क्रूझशिवाय चालवू शकत नाही आणि क्रूझ त्या स्विचशिवाय टिकत नाही. तू इतकं सगळं दुरुस्त करतोस. हे एवढं बिघडलेलं राहू दे, फूटपट्टी."

त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. लहानपणी तो सायकल मला देऊन स्वतः चालत शाळेत जायचा. तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहावर माझी पेटी त्याने बसच्या टपावरून उतरवून खांद्यावर वाहून नेली होती. मी हे सगळे आठवत बसलो, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे तो फडकेवाला मागे उडी मारत होता.

मी म्हटले, "दादा, किल्ली दे."

तो हसला. "परत त्यांना कोण नेणार? तू? तुझ्यापेक्षा बैलगाडी बरी."

"किल्ली दे."

"त्यांचे चार तास व्हायचेत," तो म्हणाला. "तोवर तरी खिशात राहू दे."

मी ती तोवर राहू दिली. पिशवीतून पाना काढला, गाडीत पाठीवर आडवा पडलो, डोके पायपट्ट्यांखाली घातले आणि स्विचची नट सैल केली. एक फेरा मागे. मग अर्धा. कारखान्याची खूण जुळली. नट आवळली. हे काम दहा मिनिटांचे आहे. मला अर्धा तास लागला, कारण खाली पडल्या पडल्या मला समोरच दादाचे पाऊल दिसत होते. तो दाराशी येऊन उभा होता. डावे पाऊल सरळ होते. उजवे किंचित आत वळून, बोटे जमिनीला लावून पडले होते. त्या चपलेच्या टोकाला मी सांगितलेला चामड्याचा तुकडा त्याने खरोखरच शिवून घेतला होता. तोही झिजला होता.

वर आलो तेव्हा त्याने विचारले, झालं? मी म्हटले, झालं.

रुग्ण बाहेर येऊ लागले तेव्हा न मागता त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. ती गरम होती. पोस्टमास्तरांनी ते पाहिले आणि जागेवर बसताना विचारले, की आता गुरुवारी कोण येणार. मी सांगितले, की बघू. विभागात चालकाची जागा निघायला किती महिने लागतात ते मला ठाऊक होते आणि त्यांनाही. तोवर मुकाच दोन्ही मार्ग सांभाळणार आणि वेळ वाचवायला त्यांना चौकात उतरवणार. मी सांगून पाहीन, तो हो म्हणेल आणि तरी चौकातच उतरवेल. पोस्टमास्तरांनी मान हलवली आणि काच वर केली.

मी गाडी चालवली. मोठ्या रस्त्यावर दादा म्हणाला, "क्रूझ लाव. तुझा पाय सरळ पडत नाही, मागची माणसं डुलतायत." मी लावली. घरापर्यंत ती आपणहून एकदाही सुटली नाही. रस्त्याच्या कामापाशी मी वेळेवर हलकेच ब्रेक लावला, तशी ती आज्ञाधारकपणे सुटली. मी कडेला पाहिले. दादाचा डावा पाय समोरच्या चटईवर घट्ट दाबला गेला होता. उजवा, ज्याने चाळीस वर्षे हे काम केले, तो आपल्या जागी तसाच पडून होता. काही घडले आहे हे जणू त्याला कोणी कळवलेच नव्हते.

प्रत्येकाला मी दारापर्यंत नेले आणि उंबरठा ओलांडेपर्यंत थांबलो. एकाच दिवसापुरते तेवढे माझ्या हातात होते.

दादाच्या गल्लीत पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. वहिनी फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. दादा दुसऱ्या बाजूच्या जागेवर बसलेला त्यांना दिसला. त्यांनी झारी खाली ठेवली. सुकाणूपाशी मी, तिकडे तो, असे दोनदा पाहून त्या माझ्या खिडकीपाशी आल्या.

"भाऊजी, गाडीत काय बिघडलं?"

"गाडी ठीक आहे, वहिनी," मी म्हणालो.

पुढचे वाक्य मी सांगेन म्हणून त्या थांबल्या. मी ते शोधत होतो. तेवढ्यात पलीकडचे दार उघडले. दादाने डावा पाय बाहेर टाकला. मग रोज तो हे करण्याआधी इकडेतिकडे बघत असेल, तसे काही न बघता, बायकोच्या डोळ्यांसमोर, त्याने उजव्या गुडघ्यापाशी पँटीची चिमूट धरली आणि पाय उचलून खाली ठेवला.